जिभेवरचा साबण

सकाळी फोन वाजला की मी तो लगेच उचलत नाही. आधी नाव बघते, मग देवाचं नाव घेते, मग उचलते. घरातले हसतात. हसू देत. त्या दिवशी स्क्रीनवर ‘इनासभाऊ सांडोर’ दिसलं आणि मी देवाचं नाव दोनदा घेतलं, कारण इनासभाऊ आपणहून फोन करणाऱ्यांतले नव्हेत. फोन करणं, बोलणं, वेळ पडली तर भांडणं, हे सगळं खातं त्यांच्या बायकोकडे, म्हणजे माझ्या मैत्रिणीकडे, सिसिलियाकडे. मी दोनदा ‘हॅलो’ म्हटलं तरी पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग ते म्हणाले, “बाई, सिसू गेली. पहाटे पानी मागितलं, मी आनेपर्यंत…” पुढचं त्यांना बोलवेना आणि मला ऐकवेना. एव्हरशाईन वसाहतीतल्या माझ्या स्वयंपाकघरात मी ओट्याला धरून उभी राहिले. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, मला त्या ऐकू येत होत्या, पण गॅसपर्यंत हात जात नव्हता.

आम्ही दोघींनी वसईतल्या एकाच शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं. ती विज्ञान, मी मराठी. मी जन्माची भित्री. लिफ्टला घाबरते, पालीला घाबरते, डॉक्टर ‘एक टेस्ट करून घेऊ या’ म्हणाले की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. सिसू नेमकी उलट. एकदा प्रयोगशाळेत ॲसिडची बाटली कलंडली, तेव्हा मी मुलांच्याही आधी दाराबाहेर होते आणि ती पदर खोचून शांतपणे वाळू टाकत होती. नंतर मला म्हणाली, “नलू, तू माझ्याबरोबरच राहत जा गो बाय. दोघींची मिळून भीती बेताची होते.” तेव्हापासून मी तिच्याबरोबर राहिले. खरं तर तिच्या पाठीमागे लपून राहिले असं म्हणायला हवं.

आमच्या शाळेत येण्याआधी ती काही वर्षं आफ्रिकेतल्या घानात राहिली होती. इनासभाऊ तिथे अक्रा शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. त्यांच्या शेजारी आमा नावाची बाई राहायची, शनिवारी जन्मलेली म्हणून तिकडच्या रीतीने आमा. ती अंगणात केळ्यांच्या साली वाळवून जाळायची, त्या राखेचं पाणी गाळून तेलात शिजवायची आणि काळपट, भुसभुशीत साबण करायची. जोडीला शिया नावाच्या झाडाच्या बियांचं पिवळट लोणी. उन्हाने आणि धुळीने तडकलेल्या अंगाला तिथल्या बायका ते चोळत. सिसूला तिकडे गेल्या गेल्या अंगभर पुरळ उठलं होतं, ते म्हणे याच साबणाने आणि लोण्याने निवलं. ती तो साबण शिकूनच परत आली. वसईजवळच्या त्यांच्या सांडोर गावात सालींचा काय तोटा! शेजारच्या घरी राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून त्यांची सुकेळी करत आणि साली ढिगाने टाकून देत. त्या साली हिच्या पडवीत येऊन पडू लागल्या. तिकडच्या पाम तेलाच्या जागी खोबरेल आलं. शियाचं लोणी मागवून घ्यावं लागे, ते एकदा संपलं तेव्हा मी माझ्या माहेरचं, कोकमाच्या बियांचं मुठेल आणून दिलं. थंडीत टाचांच्या भेगांना लावायचा तो फिकट, घट्ट गोळा तिने नाकाशी धरला, नखाने खरवडून पाहिला आणि म्हणाली, “ही तर शियाची चुलतबहीणच!” त्या दिवसापासून तिच्या साबणात माझं कोकण मिसळलं आणि मी ते येईल त्याला सांगत सुटले.

ती साबण करायला बसली की माझा जीव मात्र टांगणीला लागायचा. राखेचं पाणी दिसायला अगदी बिनदुधाच्या चहासारखं. ते आटवून घट्ट केलं की हाताची साल काढील, हे तिनेच मला सांगितलेलं. आणि ही बया चुलीशी वाकून, डोळ्यांवर चष्म्याशिवाय काही न लावता, तास न् तास ढवळत बसायची. मी दूर झोपाळ्यावर बसून “सिसू, मागे हो… सिसू, उडेल गं…” करत राहायची. साबण वर आला की ती तो काढून सुपात पसरायची, आठवडा-दोन आठवडे मुरू द्यायची. मग खरी परीक्षा. साबणाचा एक कपचा घेऊन ती जिभेच्या शेंड्याला लावायची. चावला, तर राखेचा क्षार अजून मोकळा आहे, तो साबण अंगाला लावायचा नाही. नुसता कडवट लागला, तर झाला. एवढी विज्ञानाची शिक्षिका, मुलांच्या हातात लिटमस देऊन देऊन निवृत्त झालेली, पण साबणापुरता तिचा कागदावर विश्वास नव्हता. “आमाने असंच शिकवलंय. अंगाला लागनार ते अंगालाच विचारावं. कागदाला काय कळतंय?” असं म्हणायची आणि कपचा माझ्यापुढे करायची. मी तोंडावर हात ठेवून मान हलवली की खो खो हसायची.

माझ्या मुलीची, पल्लवीची, मुलगी रेवा. तिची त्वचा तान्हेपणापासून फार नाजूक. कोपराच्या खळीत आणि गुडघ्यांच्या मागे लाल होऊन भेगा पडायच्या, पोर रात्रभर खाजवायची. औषध डॉक्टरांचंच चालू होतं, पण आंघोळीला सिसूचा साबण आणि वरून कोकमाचं नाहीतर शियाचं लोणी, एवढंच तिला सोसायचं. दुसरं काही लावलं की रडून आकांत. त्यामुळे रेवाच्या आंघोळीचा सगळा कारभार गेली दोन-तीन वर्षं सांडोरच्या पडवीतून चालत होता. रेवासाठी केलेल्या वड्या सिसू वेगळ्या ठेवायची आणि देताना दर वेळी म्हणायची, “चाखून दिलाय हो!” त्या तीन शब्दांवर मी बिनघोर होते. जगात फार थोड्या गोष्टींबद्दल मी बिनघोर असते.

गेल्या वर्षी सिसूला अर्धांगाचा झटका आला. हलकाच होता. तोंड थोडं वाकडं झालं, उजवा हात जड झाला, पण व्यायामाने सगळं जागेवर आलं. निदान आम्हाला तसं वाटलं. डॉक्टरही खूश, आम्हीही खूश. मी मात्र भीतीपायी दर आठवड्याला जाऊन तिला नीट बघून यायची, हात उचलायला लावायची, हसायला लावायची. ती म्हणायची, “परीक्षा झाली का बाई? पास का नापास?” शेवटची भेट झाली तेव्हा पडवीत नव्या साबणाचं सूप होतं, झटक्यानंतर तिने केलेला पहिलाच; तोवर आधीच्या वड्या पुरल्या होत्या. तिने कपचा जिभेला लावला. नेहमी ती पटकन लावून पटकन थुंकायची. त्या दिवशी डोळे मिटून बराच वेळ बसली… मला वाटलं, वय झालं, आता सगळंच सावकाश. मग डोळे उघडून म्हणाली, “झाला गो. लोन्यासारखा झाला.” नंतर थोड्याच दिवसांनी इनासभाऊंचा तो फोन आला.

सिसूला जाऊन महिना झाला, तेव्हाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, मी गेले होते. चर्चमधून सगळे घरी आले, चहापाणी झालं, आणि निघताना इनासभाऊंनी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात कागदात गुंडाळलेली एकेक वडी ठेवली. तिच्या हातचा शेवटचा साबण. बायका रडत रडत कपाळाला लावून तो पर्समध्ये ठेवत होत्या. मला त्यांनी जास्त दिल्या, “रेवाच्या हायत” म्हणून. घरी येतायेता पल्लवीच्या इमारतीत शिरून मी त्या तिच्याकडे पोचवल्या. साबणाचा वास घेऊन पल्लवीही रडली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला इनासभाऊंचा पुन्हा फोन. देवाचं नाव घेऊन उचलला, पण त्यांना नुसतं बोलायचं होतं. घर खायला उठतं, म्हणाले. मग म्हणाले, “आज चहा करताना दोन कप ठेवले. तिचा फुंकून ठेवला. आता सांगायला हरकत नाय बाई, त्या झटक्यानंतर तिच्या जिभेला काय कळतच नव्हतं. कढत चहा घटाघट प्यायची, तोंड पोळायचं. म्हनून मीच निववून द्यायचो.” मी विचारलं, “काय कळत नव्हतं?” ते म्हणाले, “चव नाय, चटका नाय. कोनाला सांगू देत नव्हती. म्हनायची, नलूला कळलं तर ती मला साबन करू देनार नाय.”

मी फोन कसा ठेवला मला आठवत नाही. पल्लवीला लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. संध्याकाळची ही वेळ म्हणजे रेवाच्या आंघोळीची, नळ सोडलेला असणार, फोन बाहेर चार्जिंगला असणार… हे सगळं मला माहीत होतं आणि म्हणूनच तिसऱ्यांदा लावत बसले नाही. पायात सपाता तशाच, गाऊनवर ओढणी टाकून मी धावले. आमच्या दोन इमारतींमध्ये एक बाग आणि एक वळण, रोजचा रस्ता, पण तो संपेचना. वाटेत कुणीतरी “काकू, काय झालं?” म्हणालं, मी थांबले नाही. लिफ्टमध्ये शिरले तेव्हा लिफ्टची भीती वाटायला जागाच उरली नव्हती. आणि दाराबाहेरच रेवाचं रडणं ऐकू आलं. “चावतो! सिसूआजीचा साबण चावतो!”

पल्लवीने दार उघडलं, तिच्या हाताला फेस. “बघ ना आई, नाटकं करतेय. नेहमीचाच तर साबण आहे.” मी तिला बाजूला सारून बाथरूममध्ये घुसले, पोरीला उचलून नळाखाली धरलं आणि पाणी, नुसतं पाणी ओतत राहिले. कोपराची खळी लालभडक झाली होती. मी ओरडत होते की रडत होते, मलाच कळत नव्हतं. नंतर डॉक्टरांनी पाहिलं, म्हणाले, लगेच भरपूर धुतलंत ते बरं केलंत, वरवरचं आहे. चार-पाच दिवसांत त्वचा पूर्ववत झाली. पण त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी उरलेल्या वडीचा कपचा तोडला आणि जन्मात पहिल्यांदा जिभेला लावला. असा काही चावला की डोळ्यांतून पाणी आलं. चुळा भरून भरून तोंड दुखलं तरी जिभेची आग जाईना.

मला तिचा भयंकर राग आला. जिवंत असती तर तिच्या पडवीत जाऊन तिला फाडून खाल्लं असतं. दोन दिवस मी तिच्या फोटोकडे पाहिलं नाही. मग मी आणि इनासभाऊ सांडोरमध्ये आणि शेजारच्या गास गावात घरोघर फिरून ते साबण परत मागायला लागलो, आणि तेव्हा राग उतरत गेला. दर घरी मी सांगायचं, “साबण नीट जमला नव्हता, लावू नका.” दर घरी समोरच्या बाईचा चेहरा पडायचा. सिसूचा साबण आणि जमला नाही? ते ऐकताना इनासभाऊ खाली मान घालून उभे राहायचे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सिसूला नेमकी याचीच भीती होती. ॲसिडला न भिणारी, उकळत्या क्षाराला न भिणारी बाई, पण कुणीतरी हातातून ढवळणं काढून घेईल याला ती इतकी भ्यायली की जीभ गेल्याचं तिने मला सांगितलं नाही. डोळे मिटून बसली होती तेव्हा ती चव शोधत होती. आणि काहीच सापडलं नाही, त्यालाच ती ‘झाला’ म्हणाली. भीती माणसाला काय काय करायला लावते हे मला कुणी सांगायला नको. तिला ती एकटीने सोसावी लागली, याने मात्र जीव तुटतो.

बहुतेक वड्या परत आल्या. एका म्हातारीने दिली नाही. “मी लावनार नाय गो बाय. कपाटात ठेवलाय. तिच्या हातचा हाय.” आता त्या घरातलं एखादं पोर कधी ते कपाट उघडेल या विचाराने मला अजून दचकायला होतं. परत आलेल्या वड्या टाकवेनात. चावणारा साबण पाणी आणि जास्तीचं लोणी घालून पुन्हा शिजवला की निवतो, हे सिसूनेच कधीतरी सांगितलं होतं. माहेरहून मुठेल मागवलं. इनासभाऊंनी चूल पेटवली. मी चष्मा, त्यावर दुसरा चष्मा, हातात रबरी मोजे, अशा थाटात जीव मुठीत धरून ढवळायला बसले. “तिने बघितलं असतं तर…” इनासभाऊ म्हणाले, आणि दोघंही हसलो, मग मी पुन्हा ढवळायला लागले.

तो साबण आता माझ्या बाथरूममध्ये आहे. रेवासाठी पल्लवी तो घेणार नाही, आणि घेऊ नये. तो मी वापरते. रोज आंघोळीआधी कपचा जिभेला लावते. कडवट लागतो, चावत नाही. खरं तर इथे सुटका वाटायला हवी. पण नेमक्या त्याच क्षणाला नवीच भीती उभी राहते. चावला नाही, म्हणजे साबण निवलाय, का मलाच कळेनासं झालंय? कडवट लागला तो खरंच लागला, का लागल्यासारखा वाटला? तिलाही असंच वाटलं असेल का… मग मी तशीच, टॉवेल खांद्यावर टाकून स्वयंपाकघरात जाते, मिसळणाच्या डब्यातलं चिमूटभर मीठ जिभेवर ठेवते आणि डोळे मिटून वाट बघते. खारट लागलं की अंगावर पाणी घेते.