शेवटच्या नंबरची जागा

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. चाकणजवळच्या आमच्या गावात भुईमुगाच्या वेलांनी भरलेल्या बैलगाडीवरून माझी थोरली बहीण पडली आणि तिचं डोकं खालच्या धोंड्यावर आपटलं. दोन दिवस ती शुद्धीवर नव्हती. डाव्या कानातून रक्त आलं होतं. महिन्याने ती पुण्याच्या दवाखान्यातून परतली, तेव्हा पोर वाचली, यापलीकडे कोणी काही विचारलं नाही. वर्ष बुडालं, म्हणून ती तिसरीत माझ्याच वर्गात आली.

शाळा एका लांबट खोलीत भरत असे. परीक्षेतल्या नंबराप्रमाणे जागा ठरायची. पहिला नंबर गुरुजींच्या टेबलाजवळ, शेवटचा मागच्या भिंतीशी. भिंतीपलीकडे पिठाची गिरणी होती. बहीण फळ्यावरची गणितं बरोबर सोडवी. तोंडी प्रश्नाला मात्र गप्प राही किंवा भलतंच उत्तर देई. श्रुतलेखनात अर्ध्या ओळी कोऱ्या सुटत. सहामाहीला तिचा नंबर शेवटचा आला आणि ती गिरणीच्या भिंतीशी गेली. माझा पहिला होता.

गुरुजींनी वडिलांना सांगितलं, "त्या मारानं डोकं मंद झालंय तिचं. घरकामाला लावा." वडील म्हणाले, "वार्षिक परीक्षेपर्यंत बघू. मग नाव काढू."

मामा पिंपरीला नुकत्याच निघालेल्या एका कारखान्यात फिटर होता. सुट्टीला आला असताना तो जेवायला बहिणीच्या डावीकडे बसला. दोनदा हाक मारली, तरी तिने पाहिलं नाही. त्याने खिशातून काड्यापेटी काढली आणि तिच्या डाव्या कानामागे वाजवली. ती भाकरी खात राहिली. उजव्या कानामागे वाजवली, तशी ती वळून म्हणाली, "मामा, जेवू दे की."

"दाजी, पोरगी येडी न्हाई," मामा वडिलांना म्हणाला. "तिचा एक कान गेलाय. आमच्या खात्यात असले चार जण हायेत. त्यांना कुणी घरी बसवत न्हाई."

दोघे शाळेत गेले. गुरुजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नंबर मिळवावा लागतो. तो मला देता येत नाही."

"नंबर नगा देऊ, गुरुजी," मामा म्हणाला. "नुसती जागा द्या."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी तिला माझ्या जागेवर बसवलं. मला एक जागा सरकावं लागलं. ते मला आवडलं नाही. मागून एक मुलगी म्हणाली, "आमीबी गाडीवरनं पडतो, म्हंजे पहिला नंबर." वर्ग हसला. बहिणीला ते ऐकू आलं की नाही, सांगता येत नाही. हसणारी तोंडं तिने पाहिली. मधल्या सुट्टीनंतर ती आपलं बस्कर उचलून पुन्हा मागच्या भिंतीशी जाऊन बसली. गुरुजींनी बोलावलं तर म्हणाली, "माझा नंबर हितं हाय." तीन दिवस हेच चाललं.

चौथ्या दिवशी आम्ही गेलो, तर फळा आणि टेबल मागच्या भिंतीशी होते. गुरुजी म्हणाले, "जागा कुणी सोडायची नाही. फक्त तोंडं इकडं करा."

नंबर जिथले तिथे राहिले. शेवटची रांग पुढे आली, कोपऱ्यातल्या बहिणीचा उजवा कान गुरुजींच्या बाजूला आला आणि मी पार मागे गेले. गिरणी आता गुरुजींच्या पाठीशी होती. दुपारपर्यंत त्यांचा घसा बसत असे.

श्रुतलेखनाच्या ओळी भरू लागल्या. शब्द सुटला की बहीण हात वर करी आणि गुरुजी ओळ पुन्हा सांगत. वार्षिक परीक्षेत तिचा नंबर अकरावा आला. वडिलांनी नाव काढलं नाही.

चौथीलाही तेच गुरुजी आणि तीच खोली होती. फळाही गिरणीच्या भिंतीशीच होता. पहिल्या दिवशी नव्या नंबराप्रमाणे जागा बदलायच्या होत्या. त्या हिशेबाने बहिणीला आता फळ्यापासून लांब जायला हवं होतं. तिने बस्कर उचललंसुद्धा.

"तू बस तिथंच," गुरुजी म्हणाले.

तिने वर्गाकडे पाहिलं. तिचा नंबर अकरावा आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. मग तिने बस्कर खाली टाकलं आणि शेवटच्या जागी बसली.