दुसरी आच

नागोराव मूळचे नांदेडकडचे. बोईसरच्या कारखान्यात भट्टीपुढे उभं राहून त्यांची निम्मी हयात गेली. लालबुंद पोलाद तेलात विझवून कडक करायचं आणि मग पुन्हा मंद आचेवर ठेवायचं. नव्या पोरांना ते दम भरायचे, "दुसरी आच विसरलास, तर काच केलीस बघ त्याची."

नेमकी तीच त्यांनी चुकवली.

ते चिंचणीला रामनाथभाऊंच्या वाडीत भाड्यानं राहायचे. भाऊंचा माडावरचा कोयता सारखा बोथटायचा. नागोरावांनी तो कारखान्यात नेला, तापवला, विझवला. पाळी सुटायची वेळ झाली होती. दुसऱ्या आचेला थांबलं कोण? "कानससुद्धा घसरते, भाऊ, इतका कडक झालाय," म्हणत ऐटीत आणून दिला.

सकाळी भाऊ माडावर चढले. दुसऱ्याच घावाला पातं तुटलं आणि तुकडा मनगटात घुसला. कसेबसे खाली उतरले. उलट, "माजाच वार वाकडा बसला," म्हणाले, आणि संध्याकाळी त्यांच्या बायकोनं, दमयंतीवहिनींनी, नागोरावांकडे खोबऱ्याच्या वड्या पाठवल्या.

नागोरावांनी वडी हातात घेतली तेव्हा त्यांची अकरावीतली मुलगी अपेक्षा सरांचा नाकातला आवाज काढून अभ्यास करत होती. "मिठाचा खडा ठोकला की फुटतो. का-अ? ओळ सरकते, सारखे भार समोरासमोर येतात, एकमेकांना ढकलतात. तांब्याचे अणू एकमेकांवरून सरकले तरी बंध सुटत नाही, म्हणून तार वाकते."

"आन् कडक पोलाद?"

"त्यात कार्बन मधे अडकून बसतो, बाबा. सरकूच देत नाही. मग वाकणार कुठून? तुटतं. तुम्हाला ठाऊक नाही होय?"

ठाऊक होतं. अर्धी वडी तशीच हातात राहिली.

"वडी कडू लागली का?" त्यांच्या बायकोनं, साखरबाईंनी विचारलं. नागोराव वडी ठेवून उठले.

भाऊ ओट्यावर बसले होते, मनगटाला पट्टी. "भाऊ, वार वाकडा नव्हता. दुसरी आच मी दिलीच न्हाई. घरी जायची घाई केली."

दारातून वहिनीच बोलल्या, "म्हंजे हे वरून पडले असते."

"व्हय, वैनी."

भाऊ म्हणाले, "नवा कोयता आनीन मी. पन तो तुमी नाय तापवायचा."

"न्हाई," नागोराव म्हणाले.

माडावर अर्धवट तुटलेला नारळांचा घड तसाच लोंबत होता. घरी जाताना नागोराव त्याच्याखालून सावकाश चालले.