तीन नंबर उजळ

आमच्या मूल गावात गोरी माणसं किती, हे पाहाचं असन तर रस्त्यावर फिरू नका. कमरुभाऊच्या स्टुडिओत जा. काचेच्या आत अर्धं गाव टांगलेलं आहे आन् त्यात एकबी काळा नाई. राइस मिलमधला हमाल असो का शाळेतला मास्तर, सारे एकाच रंगाचे. कोणाच्या गालावर वण नाई, कोणाचा दात पुढं नाई. माझा फोटो तर त्यानं असा बनवला होता का माझी सख्खी बहीण मले विचारे, कांता, ही कोण व?

मी कांता. स्टुडिओले लागून शिलाईचं दुकान माझंच. मधात फळ्यांची भिंत, म्हणून तिकडं खोकललं तरी इकडं ऐकू येते. वीस वर्षं मी त्या कमरुद्दीनची बडबड ऐकली. त्याच्याबद्दल मी नाई सांगन तर कोण सांगन?

रोलच्या जमान्यात तो निगेटिव्हवर पेन्सिल चालवे. डोळ्याले भिंग, टोकदार पेन्सिल, आन् श्वास असा रोखे का मले वाटे गेला आता हा माणूस. पेन्सिलीनं तो देवीचे वण बुजवे, सुरकुत्या घालवे. पण त्याच्यात एक पंचाईत होई. गिऱ्हाईक एवढं सुधरे का ते फोटो न्याले आलं तर ह्याचा फोटो कोणता, हे कमरुभाऊलेच समजे ना. एक डाव चामोर्शीच्या लच्छूच्या घरी भलत्याच बिरजूचा फोटो गेला. लच्छूच्या बायकोनं तो आठ दिवस भिंतीवर ठेवला. म्हणे, राहू द्या, हाच चांगला दिसते.

तवापासून हा पाकिटावर लिहू लागला. डाव्या गालावर चामखीळ, काढली. पुढचा दात पडलेला, बसवला. बायकोची चामखीळ, नवरा म्हणते म्हणून काढली, तिले माहीत नाई. अशी हजारो पाकिटं त्यानं पेटीत कुलूप लावून ठेवली. त्याची बायको आबिदाभाभी म्हणे, ह्या माणसाले घरात मीठ संपलं हे दिसत नाई, पण गावातल्या हर एक चामखिळीचा पत्ता पाठ आहे. पण खरं सांगते, त्यातला एक शब्द त्याच्या तोंडून कधी बाहेर पडला नाई. मी लय खोदून पाहिलं, मलेबी नाई सांगतलं. म्हणून तर लोक त्याच्यापाशी येत.

दोन हजार चारमध्ये ह्यानं डार्करूम बंद केली आन् कॉम्प्युटर आणला. दोन महिने चंद्रपूरले क्लास केला आन् मग मले शिकवू लागला, जसं का मीच ते मशीन घेऊन राह्यली होती. म्हणे, कांताबाई, आता फोटोले हात लावाचं कामच नाई. वरतून पारदर्शक पन्नी टाकाची, तिले लेयर म्हणतात. रंगाची एक, वणाची एक, केसाची एक. खाली असली फोटो जसाचा तसा राह्यते. हर पन्नीपुढं एक डोळा काढलेला असते, तो बंद केला का ती पन्नी गायब. गिऱ्हाइकाले द्याच्या टायमाले साऱ्या पन्न्या चिकटवून एक लहान फाइल बनवाची. पन्न्यावाली मोठी फाइल आपल्यापाशी.

आन् अजून एक सापडलं त्याले. हर फाइलच्या मागं एक खिडकी असते, फाइल इन्फो म्हणून. फोटो कोणत्या दिवशी काढला, कोणत्या कॅमेऱ्यानं, कधी सुधारला, सारं आपोआप त्यात नोंदलेलं. खाली एक रिकामा डब्बा, त्यात आपल्याले जे लिहाचं ते लिहा. बापा, काय आनंद झाला त्याले! पाकीटच भेटलं ना. मग एका बोटानं, इंग्रजी अक्षरात मराठी, टकटक टकटक करत हा त्या डब्ब्यात सारं लिहू लागला.

फक्त एक गोष्ट शहाण्याले माहीत नव्हती. पन्न्या चिकटवल्या तरी डब्ब्यातलं लिहिलेलं पुसत नाई, ते लहान फाइलमध्येबी जाते. दोन वर्षं ह्यानं गावभर सीड्या वाटल्या आन् हर एकीच्या पोटात चुगली.

गावात ते कोणाले दिसणार? फोटो पाहाचा सोडून त्याच्या मागं कोण पाह्यते? पण दोन हजार सहात आमच्या गावच्या वामनरावची पोरगी संघप्रिया आली. ती डी.एड. करून चामोर्शीकडं शाळेवर लागली होती. रंगानं सावळी, कपाळावर लहानपणचा वण, छपराचं कवेलू पडलं होतं डोक्यावर. लग्नाची तीन स्थळं पाहिली, तिन्ही ठिकाणी फोटो पाहूनच नाई म्हटलं होतं, कारण कोणी सांगतलं नाई, पण समजाचं ते समजलं. तिची माय बायनाबाई ह्या डाव स्वतः खुर्ची घेऊन कमरुभाऊच्या मागं बसली. अजून उजळ करा, अजून करा, करत एक नंबराचे तीन नंबर करायले लावले. पोरगी म्हणे, काका, आहो तशी राहू द्या. दोनदा म्हटलं तिनं. ब्लाऊज माझाच शिवलेला होता, मी पिन लावाले तिथीच उभी होती. पण मायपुढं कोणाचं चालते?

सीडी नागपूरले गेली. पोरगा नागसेन, छापखान्यात कॉम्प्युटरवर डिझाइनचं काम करे. फोटो पसंत पडला. रविवारी पाहुणे येणार असं ठरलं आन् बायनाबाईनं दुसऱ्याच दिवशी नवा टेबलक्लॉथ शिवाले टाकला.

बुधवारी स्टुडिओतला फोन वाजला. भिंतीपलीकडून मले कमरुभाऊचं एवढंच ऐकू आलं, "हाव, मीच." मग गप. वीस वर्षांत हा माणूस एवढा वेळ गप बसला नव्हता, म्हणून मीच उठून गेली.

नागसेनचा फोन होता. त्याच्या कामाचंच सॉफ्टवेअर, त्यानं सवयीनं ती खिडकी उघडली आन् डब्बा वाचला. त्यानं कमरुभाऊले त्याचंच लिहिलेलं वाचून दाखवलं: रंग तीन नंबर उजळ. कपाळावरचा वण काढला. माय म्हणते म्हणून. पोरगी नको म्हणाली, दोन वेळा. पोरगी आहे तशीच चांगली दिसते. घरी अजून कोणाले सांगतलं नाई, नागसेन म्हणे. तिचा असली फोटो आहे का, म्हणे, तर पाठवा.

मी डोकं धरलं. कमरुभाऊले म्हटलं, साफ सांग का कोणी मस्करी केली, आन् खोड ते लिहिलेलं. चौथं स्थळबी गेलं तर पोरीनं काय कराचं? तुले लिहाची एवढी खाज होती तर भिंतीवर लिहाचं होतं. त्यानं सारं ऐकून घेतलं. मग म्हणे, "असली फोटो माझा नाई कांताबाई, तो जिचा तिचा आहे. तिले विचाराले पाहिजे."

पाच वाजता चामोर्शीची बस आली. कमरुभाऊ स्टँडवर जाऊन उभा राह्यला आन् संघप्रियाले स्टुडिओत घेऊन आला. सारं सांगतलं, काही लपवलं नाई. ती म्हणे, दाखवा. त्यानं मोठी फाइल उघडून एक एक डोळा बंद केला. आधी कपाळावर वण आला, मग रंग उतरला. शेवटी पडद्यावर आमची संघप्रिया बसली होती. मले मात्र रडू आलं, काऊन ते विचारू नका.

ती नाई रडली. तिनं विचारलं, नागसेनचा फोटो आहे ना तुमच्यापाशी? होता, नागपूरहून आलेली त्याची सीडी बायनाबाईनं छापाले दिली होती. म्हणे, त्याची खिडकी उघडा. तिकडच्या स्टुडिओवाला हुशार, डब्ब्यात काही लिहिलं नव्हतं. पण फोटो काढल्याची तारीख होती दोन हजार दोनची. आन् सुधारल्याची, मागच्या महिन्यातली. कमरुभाऊ लगेच म्हणे, बाई, तारखेवर जाऊ नको, सेल बदलला का माझा कॅमेराबी चार वर्षं मागं जाते. पण ती हसून राह्यली होती.

तिनं फोन उचलला आन् आमच्यापुढंच नागसेनचा नंबर लावला. "मी संघप्रिया," म्हणे. "फोटो पाठवत नाई. तुमचाबी चार वर्षं जुना आहे. रविवारी तुम्ही मले पाहा, मी तुम्हाले पाहीन. मग ज्याले नाई म्हणाचं त्यानं तोंडावर म्हणावं."

रविवारी कमरुभाऊनं स्टुडिओ बंद ठेवला आन् दिवसभर माझ्या दुकानात बसून माझं डोकं खाल्लं. गेला असन का पोरगा? उठले असतीन का पाहुणे? मी त्याले काज करायले बसवलं, तर दोन ब्लाऊज नासवले त्यानं.

दुपारनंतर बायनाबाई आली. डोळे सुजलेले. मले वाटलं, गेलं हेबी स्थळ. ती बाकावर बसली आन् सांगू लागली. पोरगी चहा घेऊन बाहेर आली तशी पोराची माय म्हणाली, फोटोत तर गोरी होती. तवा बायनाबाईच उठून उभी राह्यली आन् म्हणाली का मीच करायले लावलं, पोरगी नको म्हणत होती, तीन जागी नाई आलं म्हणून मी भेली. पोरगा समोरून विरळ झालेल्या केसावरून हात फिरवत म्हणाला, मले माहीत आहे, स्टुडिओवाल्यानं फोटोच्या मागं लिहिलेलं वाचूनच मी आलो. जमलं. दिवाळीनंतरची तारीख धरली.

मी खुशीनं ओरडली. बायनाबाईनं मात्र कमरुभाऊपुढं हात जोडले. म्हणे, भाऊ, तुम्ही लिहिलं म्हणून वाचलो, मी माय असून पोरीशी खोटी वागली.

कमरुभाऊनं सुई खाली ठेवली. "बाई, हात जोडू नका," म्हणे. "तुम्ही भेल्या होत्या. मले कशाचं भ्या होतं? तीस वर्षं झाली, सारं गाव मी उजळ करत आलो. तुमच्या पोरीनं दोनदा नको म्हटलं. मी तर एकदाबी नको म्हटलं नाई."

आयुष्यभर त्याले चिडवत आली मी. पण त्या टायमाले मी त्यानं नासवलेले दोन ब्लाऊज उचलले आन् त्याचे काज उसवत बसली.