प्रसादाच्या पिशवीवरचं नोटेशन

पोलीस ठाण्यात लोक काय काय घेऊन येतात ते मी नोकरीभर पाहिलं. फुटलेली कुलुपं, बनावट नोटा, एकदा तर शेजाऱ्याने मारलेला पोपटसुद्धा. पण एका बेपत्ता माणसाच्या तपासात कॉफीचा मग टेबलावर ठेवून "साहेब, हे बघा" म्हणणाऱ्या मुलुंडच्या त्या काकू निवृत्तीनंतरही माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. यातली माणसं हयात आहेत, म्हणून नावं लिहीत नाही.

काही वर्षांपूर्वी मी पूर्व उपनगरातल्या एका ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. काकूंचे यजमान फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले. युफोनियम नावाचं, मांडीवर घेऊन फुंकायचं मोठं पितळी वाद्य ते वाजवायचे. मूळचे कोकणातले, पण मुलुंडच्या सोसायटीत बरीच वर्षं राहिलेले. म्हातारपणी त्यांना विसरण्याचा आजार जडला. एका सकाळी काकू दळण आणायला खाली उतरल्या, तेवढ्यात काका दार उघडून निघून गेले. खिशात फोन नाही, ओळखपत्र नाही.

आम्ही मिसिंगची तक्रार दाखल केली. वर्णन आणि फोटो सगळ्या ठाण्यांना पाठवले. रुग्णालयं, शवागारं, बेघरांचे निवारे पाहून घेतले. स्टेशनच्या पुलापर्यंत काका सीसीटीव्हीत दिसत होते, पुढे गर्दीत दिसेनासे झाले. अशा तपासात पहिले काही दिवस धावपळ असते. मग नवी कामं येतात आणि फाईल कपाटात मागे सरकत जाते. बेपत्ताच्या बहुतेक फायलींचं असंच होतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

काकू मात्र मागे सरकणाऱ्यांतल्या नव्हत्या. पहिल्या खेपेला त्यांनी मग आणला. त्यावर पाच रेघा आणि काळे ठिपके, म्हणजे पाश्चात्त्य संगीताचं नोटेशन छापलेलं होतं. पुढच्या खेपेला कापडी पिशवी, मग छत्री, मग कुठल्याशा कॅफेतून मागून आणलेली ताटाखालची चटई. सगळ्यांवर तेच ठिपके. काकू फाटकातून शिरल्या की ठाणे अंमलदार हळूच म्हणायचा, "साहेब, म्युझिकचं दुकान आलं." मी त्याला एकदा सगळ्यांसमोर झापलं. ज्याच्या घरातलं माणूस हरवलंय त्याची टिंगल माझ्या ठाण्यात चालणार नाही, असं बजावलं.

तरी मलाही कळत नव्हतं. मी विचारलं, "काकू, मगाचा आणि काकांचा काय संबंध?"

त्या म्हणाल्या, "साहेब, त्यांना माझं नाव आठवत नाही. लेकाला ते भावजी म्हणतात. पण कागद दिसला की हे लिहितात. वर्तमानपत्राच्या कडेला, लाइटच्या बिलावर, कालनिर्णय तर भरूनच टाकलं. जिथे असतील तिथे लिहीत असणारच ना? मग कुठेतरी दिसणारच."

त्यात तथ्य होतं. पण आणलेल्या सगळ्या वस्तू कारखान्यात छापलेल्या होत्या. शोभेसाठी लोक काहीही छापतात. काकूंमुळे मलाही ते ठिपके जिथे तिथे दिसायला लागले. दातांच्या डॉक्टरकडच्या घड्याळावर, घाटकोपरच्या एका दुकानातल्या पडद्यांवर, माझ्या मेव्हणीच्या कुर्त्यावर. मेव्हणीच्या कुर्त्यावर तर ते उलटे छापले होते, असं नंतर मला एका जाणकाराने सांगितलं. मेव्हणीला अजून सांगितलेलं नाही.

मध्येच त्यांचा मुलगा मला एकटा भेटायला आला. खाजगी कंपनीत नोकरी करणारा, सरळ माणूस. बाप हरवल्यापासून तो शवागारांच्या पायऱ्या झिजवत होता. रेल्वे पोलिसांनी त्याला रुळांवर सापडलेल्या एका बेवारस प्रेताचा फोटो दाखवला होता. चेहरा ओळखण्याच्या पलीकडचा, पण शर्ट तसाच आणि बांधाही तसाच. प्रेताची विल्हेवाट आधीच लागली होती. मुलाने मनाशी ठरवून टाकलं की ते बाबाच.

"साहेब, गावचे भटजी म्हणतात, आता क्रिया उरकून घ्या. सर्वपित्रीला गावी ठरवलंय. तुम्ही आईला जरा समजवा ना. तुमचं ती ऐकेल."

दुसऱ्या दिवशी काकूंना बोलावलं. त्यांनी माझं बोलणं पुरतं होऊ दिलं नाही. "चेहरा दिसत नाही म्हणता आणि ओळखलंत कशावरून, शर्टावरून? असले शर्ट अर्ध्या मुंबईकडे असतील. जाऊबाई सांगतायत, कुंकू पुसा, हिरव्या बांगड्या काढा. मी जिवंत नवऱ्याची विधवा होणार नाही. सर्वपित्रीला लेकाने काय करायचं ते करावं, मी त्या घरात बसणार नाही."

कायदा त्यांच्या बाजूने होता. सात वर्षं पत्ता लागला नाही तरच माणूस मेला असं धरता येतं. पण घरात कायदा चालत नाही, नातेवाईक चालतात. सर्वपित्रीला मुलाने पिंड ठेवले असते तर त्या सोसायटीत काकू विधवा ठरल्या असत्या आणि आमच्या फाईललाही मग कुणी हात लावला नसता. मला त्या बाईची फार काळजी वाटली, हे खरं आहे.

गणपतीत काकू पुन्हा आल्या. या वेळी धापा टाकत. शेजारच्या सोसायटीच्या गणपतीत प्रसादाची पंचखाद्याची पुडी मिळाली होती, ती त्यांनी टेबलावर ठेवली. कागदाची छोटी पिशवी, वर लाल रिबीन, आणि कागदावर नोटेशन.

"मगावर, छत्रीवर सगळीकडे ते वेटोळं असतं, साहेब, नक्षीचं. आमच्या ह्यांच्या कागदावर ते कधी नसायचं. ह्यांच्याकडे असा कान असतो आणि त्याच्यापुढे दोन ठिपके. हे बघा, कान!"

मी पिशवी हातात घेतली. रेघेच्या सुरुवातीला खरोखरच माणसाच्या कानासारखी खूण होती. मी बोट ओलं करून एका ठिपक्यावर घासलं. शाई पसरली. पिशवी रिकामी करून उलगडली आणि कागदाच्या मागून हात फिरवला, तर पेन दाबून लिहिल्याच्या खुणा बोटांना लागल्या. हे छापलेलं नव्हतंच. खुर्चीत मी सरळ होऊन बसलो.

पोलीस बँडमधला एक हवालदार माझ्या ओळखीचा होता. त्याला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला.

"सर, हे कुठे मिळालं? ही गाण्याची चाल नाही. चाल क्लॅरिनेटवाले वाजवतात. ती कानासारखी खूण खालच्या सुरांची असते, ही खालच्या सुरातल्या पितळी वाद्याची साथ आहे. बँडमध्ये ज्याला त्याला फक्त स्वतःचा भाग लिहून मिळतो. यात अर्धं पान तर नुसतं थांबायचं आहे, किती वेळ थांबायचं त्याचे आकडे घातलेत. शोभेला हे कोण छापेल? हे ज्याने वर्षानुवर्षं वाजवलंय त्यानेच लिहिलंय."

मला हवं होतं ते मिळालं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं की पिशव्या घाटकोपरच्या एका प्रदर्शनातल्या स्टॉलवरून घेतल्या, 'म्युझिक डिझाइन' म्हणून. स्टॉलवरून कांजूरमार्गच्या एका शेडचा पत्ता निघाला. तिथे पंधरा-वीस बायका रद्दी आणि कोऱ्या कागदांच्या पिशव्या, पाकिटं, कंदील बनवत. तोवर पितृपक्ष लागला होता. सर्वपित्री तोंडावर आली होती.

काका शेडमध्येच असतील याची खात्री नव्हती आणि छापा घातला असता तर तिथले लोक सावध झाले असते, म्हणून शेड चालवणाऱ्या बाईंना मी ठाण्यात बोलावलं. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, बोलायला चटपटीत. चहा मागवला आणि साधंच विचारलं, "डिझाइन सुंदर आहे. कुठून घेता?"

"नेटवरून काढतो, सर. प्रिंटरवर."

"प्रत्येक पिशवी वेगळी कशी?"

"वेगवेगळी पानं काढतो ना. लोकांना आवडतं. प्रिंटर आता बिघडलाय, रिपेअरला दिलाय. पावती शोधावी लागेल. माझी पुतणी बघते ते सगळं, ती गावी गेलीय."

मी प्रिंटरचं नाव काढलं नव्हतं. पावतीचं आणि पुतणीचंही नाही. खोटं बोलणारा माणूस न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आधी देतो, हा माझा अनुभव आहे. मी कागदाची मागची बाजू त्यांच्यापुढे धरली, दाबल्याच्या खुणा दाखवल्या. तरी त्या कबूल होईनात. आवाज चढवला असता तर वकील आला असता आणि तोवर काका दुसरीकडे हलवले गेले असते, ही भीती होती.

काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी त्यांना आत बोलावलं आणि बाईंना एवढंच सांगितलं, "ज्यांनी हे लिहिलंय, या त्यांच्या मिसेस." काकू भांडतील अशी माझी अटकळ होती. त्या शेजारच्या खुर्चीवर टेकल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "बाई, ते मासे खातात काय गं? काटे काढून द्यावे लागतात त्यांना."

"बांगडा खातात," त्या बाई म्हणाल्या. "काटे मीच काढून देते..."

आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग रडायला लागल्या. काकूही रडायला लागल्या. महिला शिपायाने पाण्याचे ग्लास आणून ठेवले. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो.

पुढचा जबाब सरळ झाला. काका एक दिवस शेडच्या दाराशी येऊन बसले होते. बाईंनी जेवू घातलं. त्यांनी कागद मागितला आणि लिहायला लागले. बायकांना ते नक्षीसारखं वाटलं, पिशव्या झाल्या, खपल्या. "पोलिसांना सांगायचं होतं, सर. आधी राहून गेलं. मग वाटलं, इतके दिवस का नाही सांगितलं म्हणून मलाच आत टाकाल. मग सवयच झाली त्यांची. आमच्यात कुणी मोठं माणूस नाही."

आम्ही लगेच कांजूरमार्गला गेलो. काका खिडकीपाशी स्वच्छ बनियन-लेंग्यात बसून लिहीत होते. दाढी केलेली, नखं कापलेली. नियमाप्रमाणे मी विचारलं, "काका, यांना ओळखता?" त्यांनी काकूंकडे पाहिलं, मान हलवून नाही म्हणाले आणि शेजारची चटई सरकवून म्हणाले, "बसा." काकू बसल्या. "नाही ओळखलं तर नाही," त्या मला म्हणाल्या, "मी ओळखते ना." ओळख पटल्याचा जबाब मी त्यांचाच घेतला.

त्या बाईंवर गुन्हा दाखल केला नाही. कोंडून ठेवलं नव्हतं, मारहाण नव्हती, उलट काळजी घेतलेली दिसत होती. पण कौतुकही केलं नाही. माया लावली म्हणून दुसऱ्याच्या घरचं माणूस ठेवून घेता येत नाही, हे मी त्यांना खडसावून सांगितलं. त्यांच्या मायेपायी एका बाईचं कुंकू पुसायची वेळ आली होती. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. पुढे काकू स्वतःच काकांना अधूनमधून शेडवर घेऊन जात, असं ऐकलं. तो त्यांचा प्रश्न.

या प्रकरणाने मला तपासातली एक गोष्ट शिकवली. बेपत्ताच्या फॉर्मवर आम्ही उंची, रंग, कपडे, तीळ, व्रण लिहितो. कपडे बदलतात, दाढी वाढते, शर्टावरून तर मुलगासुद्धा फसतो. त्यानंतर मी प्रत्येक नातेवाईकाला विचारायचो, हा माणूस काय केल्याशिवाय राहत नाही? कुणी मारुतीला गेल्याशिवाय चहा घेत नाही, कुणी दिसेल त्या कुत्र्याला बिस्कीट घालतो. माझ्या हाताखालच्यांनाही तोच प्रश्न विचारायला लावला. दोन-चार माणसं त्यावरून सापडली. बाकीची सापडली नाहीत, तेही सांगितलं पाहिजे.

सर्वपित्रीला मुलाने मला आग्रहाने जेवायला बोलावलं. गावी जायचं रद्द झालं होतं, पण आजोबांचं, म्हणजे काकांच्या वडिलांचं पान वाढायचं म्हणून मुलुंडच्या घरातच म्हाळ केला होता. पितृपक्षातल्या जेवणाला कोकणात म्हाळ म्हणतात. जाऊबाई, चुलते, सगळे तेच नातेवाईक पंगतीला होते. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. काका माझ्या शेजारी बसले होते. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर. ते आवडीने जेवत होते. मध्येच थांबून त्यांनी पंगतीवर नजर फिरवली आणि मोठ्याने विचारलं, "आज कोणाचो म्हाळ असा?"

सगळ्यांचे हात थांबले. मुलाने मान पानात घातली.

काकू वाढता वाढता पुढे आल्या. कपाळावर मोठं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. त्यांनी काकांच्या पानात एक गरम वडा टाकला.

"तुमच्या बापाशीचो," त्या म्हणाल्या. "तुमी जेवा."

काकांनी मान डोलावली आणि आणखी एक वडा मागून घेतला.