सूचनाफलकावर लागलेलं नाव

माझे वडील चिरेखाणीवर मजूर होते. आईला अक्षरओळख नव्हती. मुंबईला गोदीत असलेल्या काकाचं पत्र आलं की आई ते घेऊन वाडीतल्या दुकानदाराकडे जायची, आणि दुकानदार फळीवर बसलेल्या चार माणसांदेखत ते मोठ्याने वाचायचा. काकू आजारी आहे, काकाचं कोणाशी भांडण झालंय, सगळं वाडीला आमच्याबरोबरच कळायचं. मी चौथीत गेल्यावर पत्रं मी वाचू लागलो आणि आईची ती फेरी थांबली. पुढे मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि फौजदारही पहिलाच. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

नोकरीत खून पाहिले, घरफोड्या पाहिल्या, समुद्रात बुडवलेल्या होड्यांचे खोटे दावे पाहिले. पण कोणी जुन्या आठवणी विचारल्या की डोळ्यांपुढे आधी येते ती एका शाळेतली चौकशी. तिच्यात गुन्हा दाखलच झाला नाही. माणसं अजून आपापल्या गावी आहेत, म्हणून नावं देत नाही.

दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट. रत्नागिरी तालुक्यातल्या किनाऱ्याकडच्या एका ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो. सकाळी हजेरी झाली होती, ठाणे अंमलदार स्टेशन डायरी लिहीत होते, तेवढ्यात खाडीकाठच्या गावातले एक मासळीचे व्यापारी आत आले. पन्नाशीचे, पांढरे कपडे, डोक्यावर टोपी. गावात त्यांचा शब्द चालायचा. शाळेच्या पालक संघाचे तेच अध्यक्ष. हातात तक्रार अर्ज होता.

"साहेब, भाऊ माझा कुवेतला. त्याची बायको-पोरगी इथे माझ्या भरवशावर. आणि शाळेत तो कॉम्प्युटरवाला मास्तर पोरींना घाण दाखवतो."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला कशाला कळायला पाहिजे? शाळेच्या फलकावर लागलंय. पुतणीचं नाव, पुढे आकडा अकरा. जेटीवर पोरं हसतात साहेब. अकरा नंबर आली म्हणतात."

मुलगी दहावीत होती. या व्यापाऱ्यांनी, म्हणजे तिच्या चाचांनी, तिला घरी बसवलं होतं आणि आठवड्याभरात तिची सोयरीक पक्की करायची ठरवलं होतं. मास्तराला गावातल्या चार जणांनी रस्त्यात अडवून धक्काबुक्कीही केली होती. मी अर्ज आवक बारनिशीत नोंदवून घेतला आणि आधी त्या मास्तरालाच ठाण्यात बोलावलं. तो बाहेर राहिला असता तर त्याला मार पडला असता.

चोवीस-पंचवीस वर्षांचा, संगमेश्वरकडचा, कंत्राटी शिक्षक. शर्ट खिशाजवळ फाटलेला.

"साहेब, मी काही दाखवलं नाही. उलट वॉचमन मीच बसवला."

"कसला वॉचमन?"

"कॉम्प्युटरमधला. मुलंच त्याला वॉचमन म्हणतात. प्रत्येक मुलाला आपलं नाव घालूनच इंटरनेट उघडता येतं. वाईट शब्द टाईप केला की पान बंद होतं आणि नोंद पडते. कोणी, किती वाजता, काय टाईप केलं."

"म्हणजे तो चित्र बघून ठरवतो?"

"नाही हो. त्याला चित्रातलं काय कळतंय? त्याच्याकडे शब्दांची यादी आहे, यादीत असला की बंद." मग तो जरा लाजत म्हणाला, "जीवशास्त्राच्या बाई स्वतः तीनदा अडकल्यात, सस्तन प्राण्यांचा धडा काढताना. फलकाच्या यादीतून त्यांचं नाव मीच हळूच खोडलं, नाहीतर त्याही फलकावर गेल्या असत्या."

ठाणे अंमलदार लिहिता लिहिता हसले. मीही हसलो. त्या वेळी तेवढ्यावरच सोडून दिलं. तिथेच थांबून विचार करायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. गावच्या आखातात असलेल्या लोकांनी दिलेले सहा कॉम्प्युटर, त्यांवर भरतकामाची झाकणं. मुख्याध्यापक शिस्तीचे गृहस्थ. म्हणाले, "साहेब, आम्ही उशिरा येणाऱ्यांची यादी लावतो, गैरहजर मुलांची लावतो, तशी ही लावली. वचक बसतो."

"यादीत काय काय असतं?"

"नाव आणि आकडा. काय टाईप केलं ते मी कधी बघितलं नाही. ती नोंद उघडायचा पासवर्ड माझ्या कपाटात पाकिटात बंद आहे, मास्तरांकडेही नाही. आकडा पुरतो."

मग मी चूक केली. मुलीला बोलावून घेतलं आणि मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका, दारात उभे असलेले तिचे चाचा, अशा तिघांसमोर तिला विचारलं.

"तुझं नाव अकरा वेळा आलंय. खरं आहे?"

"खरं आहे."

"काय बघत होतीस?"

"घाण."

"कसली?"

ती ओढणीचं टोक पिळत राहिली.

"सरांनी दाखवलं?"

"नाही. सरांचा काही संबंध नाही. मीच."

"बघा!" चाचा दारातून म्हणाले. "तोंड वर करून सांगते!"

परतताना जीपमध्ये मला चैन पडेना. इतक्या वर्षांत एक गोष्ट पाहिली होती. पकडलेला माणूस घासाघीस करतो. दहा चोऱ्या असतील तर चार कबूल करतो, सहा दुसऱ्यावर ढकलतो. या मुलीला आयता मास्तर सापडला होता. सगळं गाव त्याच्यावर टपलेलं. तिने फक्त मान हलवली असती तरी ती सुटली असती. तिने त्याला सोडवलं, आकडा जसाच्या तसा मान्य केला, आणि घाण म्हणजे काय ते मात्र तिला सांगता आलं नाही. कबुली देणारा माणूस कधी कधी त्याहून मोठं काहीतरी झाकत असतो. हे मला माहीत होतं, पण पंधरा वर्षांच्या पोरीच्या बाबतीत ते लावून बघायचं सुचलं नव्हतं.

सकाळी पुन्हा शाळेत. या वेळी नोंद जप्त करायची म्हणून गावातले दोन पंच बोलावले, व्हरांड्यात बसवले. मुख्याध्यापकांनी कपाटातून पाकीट काढलं.

"सर, तुम्ही जरा बाहेर थांबा."

"शाळा माझी आहे साहेब."

"चौकशी माझी आहे."

ते नाराजीने गेले. मास्तराने पासवर्ड घातला, नोंद उघडली. मी त्याला म्हटलं, "आता ऊठ आणि खिडकीबाहेर बघ."

अकरा ओळी होत्या. इंग्रजी मोडकं होतं, पण अर्थ लागत होता. स्तनात गाठ. स्तनात गाठ, दुखत नाही. स्तनातली गाठ, औषध. स्तनाचं ऑपरेशन, कुठला दवाखाना. असं करत करत शेवटची ओळ होती, स्तनात गाठ असलेली आई किती दिवस जगते.

प्रत्येक ओळीपुढे एकच शेरा होता, बंद. तिला एकाही प्रश्नाचं उत्तर मिळालं नव्हतं. वॉचमनने शब्द ओळखला आणि अकराच्या अकरा वेळा दार लावलं.

मास्तर खिडकीतूनच म्हणाला, "साहेब, काय आहे?"

"तुझ्यावर काही नाही. बंद कर ते."

आता अडचण माझी होती. कायद्याचं काम म्हणजे कागद काढायचा, पंचांना वाचून दाखवायचा, सह्या घ्यायच्या. पंचांपैकी एक जेटीवर मासळीचा लिलाव पुकारणारा, दुसरा त्याचा मेहुणा. त्यांना वाचून दाखवलं असतं तर मुलगी दुपारपर्यंत निर्दोष ठरली असती, आणि संध्याकाळपर्यंत तिच्या आईच्या अंगावरची गाठ गावभर झाली असती. पोरीने बदनामी अंगावर घेतली होती ती नेमकी हे टाळायला.

मी हवालदाराला सांगितलं, "पंचांना चहा पाजा आणि घरी सोडा. जप्ती नाही."

"साहेब, वरिष्ठांना काय लिहायचं?"

"आक्षेपार्ह काही मिळून आलं नाही, असं लिहा. खरंच नाही मिळालं."

आमच्या ठाण्यात देवरुखकडच्या एक महिला हवालदार होत्या. तोंडाने तिखट, मनाने मऊ. त्यांना एकट्यांना दालनात बोलावून सगळं सांगितलं. गावात पोलीस गेले की चर्चा होते, पण त्या गावात पासपोर्टच्या चौकशीला आमचा माणूस महिन्यातून चारदा जायचा, त्याला कोणी दचकत नसे. बाई साडी नेसून, पासपोर्टची फाईल घेऊन गेल्या. मुलीच्या आईला हे सांगायचा अधिकार मला होता का? आजही खात्री नाही. मुलीने कोणालाच सांगितलं नव्हतं. पण गाठ कोणासाठी थांबत नाही, एवढं कळत होतं.

दुपारी बाई परतल्या. फाईल टेबलावर ठेवली आणि पाणी प्यायल्या.

"काय झालं?"

"सरळच विचारलं. भाभी, गाठ कुठल्या बाजूला आहे? बाईचा चेहरा पांढराफटक. म्हणाली, पोरीने सांगितलं? मी म्हटलं, पोरीने सांगितलं असतं तर तिला एवढं सोसावं लागलं नसतं. मग सगळं सांगितलं तिला. ती चुलीपुढे बसूनच राहिली साहेब. म्हणाली, फलकावरचं ऐकून मीपण मारली तिला. लाटण्याने मारली."

"आणि पोरगी?"

"पोरगी दारामागे. मला बघून रडली नाही. आईला म्हणाली, आता तरी येतेस ना डॉक्टरकडे?"

चार महिन्यांपूर्वी आईला गाठ लागली होती. मुलीला कळलं, तेव्हा आईने तिला शपथ घातली होती. कळवलं तर बाबा नोकरी सोडून येतील, चाचांना ही गोष्ट सांगायची कशी, आणि बायकांमध्ये बोलली तर गल्लीत होईल. राहिला होता शाळेतला कॉम्प्युटर. तो कोणाला सांगणार नाही, अशी मुलीची समजूत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई स्वतः ठाण्यात आली. मागे मुलगी, तिच्या मागे चाचा. महिला हवालदारांनी खुर्ची दिली.

"अर्ज मागे घ्यायचाय," आई म्हणाली.

"थांबा भाभी," चाचा म्हणाले. "आधी साहेबांना सांगू दे, यंत्रात काय होतं."

"ते मी सांगणार नाही," मी म्हटलं. "वाईट काही नव्हतं, एवढं लिहून देतो."

"का नाही सांगणार? मी अर्जदार आहे!"

"साहेब सांगणार नाहीत," आई म्हणाली. "मी सांगते. मला छातीत गाठ आहे. पोरगी औषध शोधत होती."

चाचांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मला का नाही सांगितलंत?"

"दिराला सांगायची गोष्ट आहे ही?"

चाचा उठले, माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, एक फोन लावू?" ठाण्याच्या फोनवरून त्यांनी मुंबईच्या मेहुण्याला लावला. "उद्या भाभीला घेऊन येतोय. चांगल्या दवाखान्यात नंबर लाव. नाही, कारण विचारू नको. विचारू नको म्हटलं ना." फोन ठेवला आणि पुतणीकडे न बघताच म्हणाले, "बाय, तू शाळेत जा."

अर्ज निकाली काढला. शाळेला मी लेखी कळवलं, मुलांची ती नोंद फलकावर लावायची नाही, आणि शंका आलीच तर मुलाला एकट्याला, त्याच्या विश्वासातल्या शिक्षकासमोर विचारायचं. जीवशास्त्राच्या बाईंचं निमित्त सांगून मी मास्तराला तो शब्द यादीतून काढायला लावला. मुख्याध्यापक नंतर कधीही भेटले की विचारायचे, "साहेब, नेमकं होतं काय त्यात?" मी चहा मागवायचो. ते निवृत्त झाले तरी मी सांगितलं नाही.

या चौकशीने मला एवढं शिकवलं की नोंद खरी असली तरी तिच्यावरून माणूस ओळखता येत नाही. आकडा बरोबर होता, नाव बरोबर होतं, वेळ बरोबर होती. तरीही गाव, शाळा, सख्खी आई आणि मी, सगळेच चुकलो होतो. वॉचमन ठेवायला माझी हरकत नाही, मुलांच्या हातात काय पडतं ते बघायलाच हवं. पण मूल कोणाला विचारता येत नाही असा प्रश्न कुठेतरी विचारतंच, आणि तो प्रश्न त्याचा असतो. त्यानंतर कोणत्याही अल्पवयीन मुलाला मी चार माणसांसमोर प्रश्न विचारला नाही, आणि माझ्या हाताखालच्यांनाही विचारू दिला नाही.

आईचं ऑपरेशन मुंबईत झालं आणि ती बरी होऊन गावी आली. सोयरीकीचं बोलणं चाचांनीच थांबवलं. मुलगी मार्चमध्ये परीक्षेला बसली आणि पास झाली. त्या घरात दहावी झालेली ती पहिली मुलगी.