केळीच्या वाळल्या पानात

धरणगावला एस.टी.तून उतरलो तेव्हा चैत्रातलं ऊन डोळ्यांवर येत होतं. कपाशीची रानं मोकळी पडली होती. कीटक खाणारी वटवाघळं कोणत्या ऋतूत कुठल्या शेतावर शिकार करतात, हे पाहत मी वर्षभर खानदेशात फिरत होतो. पावसाळ्यात ती कपाशीवरच्या पतंगांमागे असतात, थंडीत दादरवर (रब्बी ज्वारी). उन्हाळ्यात मात्र ओल उरते ती केळीच्या बागांतच.

तापीकाठी सुमनअक्कांच्या बागेत वाळकी पानं कापणं चाललं होतं. अक्कांनी मला बांधावर बसवून कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा दिला. पहिला घास घेतो तोच त्या ओरडल्या. कापलेल्या पानातून नारिंगी-काळं, मूठभर वटवाघूळ पडलं होतं. त्यांनी ते उचललं आणि ते बोटाला चावलं.

"भाऊ, हाई इखारी शे का?" (हे विषारी आहे का?)

"नाही अक्का. घाबरलंय बिचारं. हात धुवा."

वटवाघळाच्या चाव्यातून रेबीज होऊ शकतो, हे मला ठाऊक होतं. धोका थोडा असेल, पण नाहीच असं कोण म्हणेल? मी बोललो नाही. बोललो तर लोक बागेत धूर करतील, वटवाघळं मरतील आणि माझं वर्षाचं काम जाईल, एवढंच मनात आलं.

दुसऱ्या दिवशी शिंदखेड्याकडे गेलो. कोरड्या रानात एकच तळं होतं. तिन्हीसांजेला वटवाघळं पाण्यावर उतरली. तळ्याशेजारच्या शेतातल्या आबांनी विचारलं, "हाई चावस का?"

"नाही," म्हणालो आणि अक्कांचं बोट आठवलं. रेबीजची लागण एकदा दिसू लागली की औषध उरत नाही. अक्कांना फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. सकाळच्या पहिल्या गाडीने परत निघालो. अमळनेरला गाडी पंक्चर झाली. चाक बदलेपर्यंत मी रस्त्यावर येरझारा घालत होतो. अक्का तापाने पडल्या असतील, असंच डोळ्यांसमोर येत होतं.

त्या बागेतच होत्या. "काय इसरनात, भाऊ?"

मी सगळं सांगितलं. त्या बोटाकडे बघत राहिल्या.

"मंग परवा तोंडमा काय भाकर व्हती?"

होतीच. त्यांचीच.

आरोग्य केंद्रात नर्सबाईंनी विचारलं, "काय चावलं?"

"कुत्रं," अक्का म्हणाल्या. मग माझ्या कानाशी, "वाघूळ सांगं ते बागमा मजूर कसाले येतीन?" (वटवाघूळ सांगितलं तर मजूर कशाला येतील?)

"कुत्रं जिवंत आहे का? नजरेखाली ठेवता येईल?" नर्सबाई विचारत होत्या. कुत्रं धडधाकट दिसलं की पुढच्या सुया थांबवतात, हे मला माहीत होतं.

"कुत्रं नाही, वटवाघूळ चावलंय," मी म्हणालो. रांगेतल्या बायका वळून पाहू लागल्या.

सुई घेऊन अक्का तरातरा बाहेर आल्या. "आते पानं कापाले तुम्हीच या."

सकाळी बागेत खरंच एकही मजूर नव्हता. मी जाड हातमोजे चढवले. आधी पान काठीने हलवायचं, आत डोकावायचं, मगच विळा. आत कुणी झोपलेलं दिसलं की पान तसंच सोडायचं. अक्का पुढच्या ओळीत कापत होत्या.

मी घरी परतलो आहे. अक्कांच्या सुया पूर्ण झाल्या, तरी रोज त्यांना फोन करतो. बागेत पुन्हा मजूर येऊ लागले का, हे विचारायचं अजून धाडस झालेलं नाही. घंटी वाजत राहते तसा मी घामेजत जातो, आणि मग पलीकडून वैतागलेला आवाज येतो, "जित्ती शे, भाऊ."