स्ट्रॉबेरीसाठी लावलेला कूलर

धान निघाल्यावर नवऱ्याने बिरसीच्या आमच्या वावराच्या कोपऱ्यात स्ट्रॉबेरी लावली. जानेवारीत पहिला तोडा निघाला. नणंद रविवारी रायपूरहून येणार होती, तोवर फळं टिकवायची होती. फ्रिजमध्ये सासूबाईंच्या सुक्या मासोळ्या होत्या.

"फळांना मासोळ्यांचा वास लागेल," नवरा म्हणाला.

"मंग तं चांगलीच लागतीन," सासूबाई म्हणाल्या.

त्याने मोबाईलवर पाहून ठरवलं: धुवायचं नाही, एकावर एक रचायचं नाही, गारव्यात ठेवायचं. मधल्या खोलीतल्या पलंगावर पेपर अंथरून एकेक फळ मांडलं, वर पांढरी चादर टाकली, माळ्यावरचा कूलर उतरवून बिनपाण्याचा चालू केला आणि परत वावरात गेला. सासूबाई शाल गुंडाळून मुंग्यांवर नजर ठेवत पलंगाशी बसल्या. कूलरच्या धुळीने त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"मानसं गारठून राहिले अन् फळाईले हवा! कायले?"

सासरे सकाळीच चष्मा दुरुस्त करायला गोंदियाला गेले होते. शेजारीण विरजण मागायला आली. तिला खिडकीतून पांढरी चादर दिसली, कूलर दिसला, डोळे पुसणाऱ्या सासूबाई दिसल्या. विरजण न घेताच ती पळाली.

थोड्या वेळात अंगण भरलं. मला वाटलं, सगळे स्ट्रॉबेरी पाहायला आलेत. छाती फुगली माझी.

"कधीपर्यंत ठेवता?" शेजारणीने हळूच विचारलं.

"रविवारपर्यंत. नणंदबाई आल्या का मंग कापू."

तिने पदर तोंडावर धरला. "तोवर टिकतीन?"

"धुतलं नाही तं टिकते," मी समजावलं.

मागे कोणीतरी मोठ्याने हुंदका दिला. एवढं रडण्यासारखं काय, ते मला कळेना.

इतक्यात फाटकाशी ऑटो थांबला. सासरे उतरले, गर्दी पाहून घाबरले आणि त्यांनी पुढच्या माणसाच्या खांद्याला हात लावला.

"कोन गेलं बे?"

"इथलेच बुढे," तो मागे न पाहता म्हणाला. मग त्याने मागे पाहिलं, आणि चप्पल तिथेच सोडून पळाला.

सासऱ्यांनी तडक आत जाऊन चादर ओढली. "हे मी आहो काय?"

हसून हसून लोक भिंतीला टेकले. सासरे मात्र फुगले होते. त्यांनी सगळ्या स्ट्रॉबेऱ्या परातीत भरल्या आणि अंगणात वाटायला निघाले. प्रत्येकाला विचारत होते, "तू रडला का?" रडणाऱ्याला दोन, न रडणाऱ्याला एक.

"मी तं सगळ्याच्या आधी रडली," म्हणत शेजारणीने ओंजळ भरून घेतली.